उजवीकडचा फोटो

कातळवाडीच्या तांदळाची वेबसाईट मी केली. ती रविवारी सकाळी नऊला सुरू झाली आणि दुपारी तीनच्या आत एका माणसाच्या हाताची चार बोटं तुटली, दुसरा माणूस स्वतःच्या खळ्यावर मरून पडला. दोघंही माझे मामाच. कोयता माझा नव्हता, कुऱ्हाड माझी नव्हती, हे सगळं खरं आहे. पण पान मी लावलं होतं.

भोरला एसटी स्टँडच्या मागं माझं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. फ्लेक्स, लग्नपत्रिका, जत्रेच्या पत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड आणि गेली चार वर्षं वेबसाईटी. लोकांना वाटतं ह्या धंद्यात कॉम्प्युटर यावा लागतो. कॉम्प्युटर कुणीही शिकतं. ह्या धंद्यात एकच गोष्ट यावी लागते, कुणाला कुणाच्या वर बसवायचं. जत्रेची पत्रिका गावात कुणी वाचत नाही. देव कोणता, तिथी कोणती, सगळ्यांना पाठ असतं. प्रत्येक जण आधी आपलं नाव शोधतो आणि मग वर बघतो, आपल्या डोक्यावर कोण बसलंय ते. दोन वर्षांपूर्वी एका दादांचा फोटो दुसऱ्या दादांपेक्षा बोटभर लहान आला म्हणून त्यांच्या माणसानं माझ्या दुकानाची काच फोडली. मीही गप्प बसणारी नाही. त्याच्या हातात केरसुणी दिली आणि शेवटचा तुकडा उचलेपर्यंत त्याला बाहेर जाऊ दिलं नाही. भोरात मला तिखट बाई म्हणतात. म्हणोत बापडे.

कातळवाडी वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. माझ्या आईचं माहेर. मी सातवीत असताना आई गेली, वडिलांनी दुसरा संसार थाटला, आणि धनाजीमामा एसटीनं येऊन मला आणि माझ्या दप्तराला घेऊन गेला. बारावीपर्यंत मी त्याच्याच घरात वाढले. अंबूमामीनं पोटच्या पोराच्या, माउलीच्या, आधी मला वाढलं. आमच्याकडं पोरगी एका घराची भाची नसते, अख्ख्या गावाची भाची असते. मी गावात गेले की मोठमोठे मिशावाले गडी वाकून माझ्या पाया पडतात. भिमाअण्णाही पडायचे, सत्तरी उलटली तरी.

गावात भावकी एकच, पण तिच्या पात्या दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. मूळ पुरुषाच्या दोन मुलांची ही दोन कुळं, आणि कुणाचा मान कुठला ह्यावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटत आलेली. जत्रेत पहिला नैवेद्य थोरल्या पातीचा, पालखीचा पुढचा दांडा धाकट्या पातीचा. देवळात शिरलं की उजव्या अंगाला थोरली पाती बसते, डाव्या अंगाला धाकटी. उजवी बाजू मानाची. एकदा पाहुणा म्हणून आलेला जावई चुकून दुसऱ्या अंगाला बसला तर त्याला दंडाला धरून उठवला होता, आणि उठवताना त्याचा खांदा निखळला.

भिमाअण्णा थोरल्या पातीचे, धनाजीमामा धाकट्या पातीचा. अण्णांनी आंबेमोहराचं जुनं बियाणं चाळीस वर्षं जपलेलं, आणि मामाची भाताची गिरणी. एकाशिवाय दुसऱ्याचं काही चालत नाही, म्हणून दोघं एकत्र आले. एकत्र आणलं अण्णांच्या सुनेनं, शेफालीनं. पोरगी पुण्यात शिकलेली. कातळवाडीचा तांदूळ व्यापाऱ्याला न घालता थेट पुण्याच्या घराघरात पोचवायचा, असं तिच्या मनात. तिनं गट काढला, दोन्ही पात्यांना एका सतरंजीवर बसवलं आणि मग माझ्या दुकानात आली.

"ताई, साधी वेबसाईट हवीय. नाव, खूण, रंग, सगळं तुम्हीच बघा. फक्त माणसांचे फोटो नकोत. शेताचा लावू, भाताचा लावू."

मी तिला शिकवलं. मला त्या वेळी शिकवायची हौस होती. म्हटलं, अगं, भाताचे फोटो सगळेच लावतात. पुण्यातली बाई पान उघडते तेव्हा तिचं बोट थांबतं ते माणसाच्या चेहऱ्यावर. उन्हानं रापलेला शेतकरी दिसला की तिला वाटतं, चला, हा फसवणार नाही. पानाच्या वरच्या टोकाला चेहरा पाहिजे. बाकी सगळी सजावट.

"पण चेहरा कुणाचा?" शेफालीनं विचारलं.

"ते माझ्यावर सोड," मी म्हटलं.

देवळात बैठक झाली. मी लॅपटॉप घेऊन गेले आणि देवासमोर चौरंगावर मांडला. सगळे आपापल्या अंगाला बसले. आधी खुणेवरून वाजलं. थोरल्या पातीतल्या एकानं मानाची तलवार काढा म्हटलं. मी म्हटलं, तलवार बघून कोण तांदूळ शिजवील? भाताची लोंबी काढली. मग रंगावरून वाजलं. एकांना गुलालाचा पाहिजे, दुसऱ्यांना भंडाऱ्याचा. मी दोन्ही बाजूला सारले आणि कापणीच्या आधी भात असतं तो रंग धरला, पिवळ्यावर आलेला हिरवा. नाव गावाचं दिलं, त्यावर कुणाला बोलताच येईना. मग फोटो.

मी दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले होते. सारख्या मापाचे, एका ओळीत. मामा उंच म्हणून त्याचा फोटो थोडा खाली ओढला, दोघांचे फेटे एका रेषेत आणले. नावाची अक्षरंही मोजून सारखी. इतकं नेमकं काम मी कुठल्या मंत्र्याच्या बोर्डावर केलं नव्हतं.

अण्णांचा मुलगा, शेफालीचा नवरा कुमार, उठून लॅपटॉपजवळ आला. पाच मिनिटं नुसता बघत राहिला.

"आमचं आण्णा उजवीकडं घ्या," तो म्हणाला.

"दोन्ही सारखेच आहेत की," मी म्हटलं.

"सारकंच हायती तर मग उजवीकडं घ्याया काय हरकत? देवळात बसत्यात तसं. मानाची बाजू हाय ती."

मामाकडचे गडी उठले. एकाचा हात कुमारच्या गळपट्टीला लागला, दुसऱ्यानं घंटेची साखळीच ओढून काढली. साखळी हातात गुंडाळून तो पुढं सरकला तेव्हा मामानंच त्याला थोबाडीत दिली.

"खाली बस," मामा म्हणाला. "उजवीकडं त्येंचाच मान हाय. जे हाय त्ये हाय."

मी तिथंच फोटोंची अदलाबदल केली. अण्णा एक अक्षर बोलले नव्हते. जाताना माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "पोरी, तांदूळ चांगला खपू दे. म्हंजी झालं."

परतीच्या एसटीत मी मोबाईलवर पान उघडलं. लॅपटॉपचं पान रुंद, दोन माणसं शेजारी मावतात. मोबाईलचं अरुंद. तिथं शेजारचे फोटो एकाखाली एक येतात, आणि डावीकडचा वर जातो. उजवीकडचा खाली. म्हणजे धनाजीमामा पानाच्या वरच्या टोकाला, फेट्यासकट, सगळी स्क्रीन भरून. आणि भिमाअण्णा त्याच्या पायाखाली, बोट फिरवल्याशिवाय दिसायचेसुद्धा नाहीत. कातळवाडीत एकाच्याही घरी कॉम्प्युटर नाही. जे बघणार ते मोबाईलवरच बघणार.

आता खोटं कशाला बोलू. मी हे बघितलं आणि मला हसू आलं. मानाची बाजू मागून घेतलीत ना, मग घ्या. ज्या मामानं माझं दप्तर खांद्यावर घेऊन मला त्या गावात आणलं, तो देवळात जन्मभर डाव्या अंगाला बसला. निदान एका पानावर तरी वर बसू दे. दहा मिनिटांचं काम होतं सारखं करायचं. मी केलं नाही. मार्गासनीच्या पुढं गाडी गेली तेव्हा मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

रविवारी शेफालीनं गावाच्या ग्रुपवर लिंक टाकली. साडेनऊला कुमारचा फोन आला.

"ताई, आमच्या आण्णांचा फोटू कुटं गेला?"

"आहे की. उजवीकडं."

"उजवीकडं काय न्हाई. धनाजी एकटाच हाय."

"खाली बोट फिरवा."

त्यानं बोट फिरवलं असावं. मग त्याचा श्वास ऐकू आला.

"खाली का हाय?"

"मोबाईलवर तसंच दिसतं. कॉम्प्युटरवर बघा."

"गावात कुणाकडं हाय कॉम्प्युटर? ताई, वर घ्या."

तिथं मला राग आला. ती शिस्त, ती ओळीत आणलेली फेट्यांची टोकं, आणि हा मला शिकवतोय. मी म्हटलं, "तुमच्याच तोंडानं उजवी बाजू मागितलीत. मी दिली. आता मला कामं आहेत," आणि फोन ठेवला. तो पुन्हा वाजला, मी घेतला नाही. सहा वेळा वाजला.

पुढचं मला मामीनं सांगितलं. कुमार तावातावानं गिरणीत गेला. त्याच्या कमरेला कोयता होता, पण तो तर रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्याच कमरेला असतो. मामा भात ओतत होता आणि गिरणीत भात भरडायला आलेल्या बायकांना मोबाईल दाखवत होता. सकाळपासून तेच चाललेलं. आपला फोटो बघून त्याला लहान पोरासारखा आनंद झाला होता, असं मामी म्हणाली. कुमार म्हणाला, फोटो खाली घ्यायला सांगा तुमच्या भाचीला. मामा हसला.

"आरं, आता खाली बसायची सवय करा की तुमीबी," मामा म्हणाला. "आमी न्हाई का बसलो एवढी वर्सं?"

कुमारनं मोबाईलवर कोयता मारला. मोबाईल मामाच्या हातात होता. पहिल्या घावात दोन बोटं गेली आणि मोबाईल दुभंगला. मामानं हात मागं घेतला नाही, उलट त्याच हातानं कुमारचा गळा धरायला गेला. दुसऱ्या घावात आणखी दोन गेली. अंगठा तेवढा राहिला. रक्त तांदळावर उडालं, पांढऱ्या भुकटीवर उडालं, बायकांच्या लुगड्यांवर उडालं. गिरणी चालूच होती. मामीनं बटण बंद केलं तेव्हा कुठं मामाचं ओरडणं ऐकू आलं. तुसाच्या ढिगात हात घालून बायकांनी तीन बोटं शोधली. चौथं सापडलंच नाही.

माउलीनं टेम्पोत घालून बापाला हायवेच्या कडेच्या दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला. मी कापूरव्होळकडनं स्कूटी पळवत पोचले तेव्हा मामाला आत नेलं होतं. मामी बाकावर बसलेली, पदर लाल, मांडीवर जेवणाचा डबा. डब्यात बोटं होती. डॉक्टर म्हणाले होते, आता ह्यांचा उपयोग नाही. तरी मामी डबा सोडत नव्हती.

"स्नेहल," मामी म्हणाली, "फोटू लई चांगला आला हुता गं त्येंचा."

मी भिंतीला डोकं आपटलं. एकदा, दोनदा. एका नर्सनं मला धरलं.

तेवढ्यात शेफालीचा फोन आला. ती पुटपुटत होती, जोरात बोलायला घाबरत होती. "ताई, हे कोयता घेऊन दारात उभे आहेत. भावकीतले दहाजण जमलेत. म्हणतात, फोटो जागेवर आला नाही तर धनाजीमामांच्या घराला काडी लावतो. घरात मामांची म्हातारी आई आहे, ताई. पाया पडते तुमच्या. तेवढा अण्णांचा फोटो वर घ्या."

मी दवाखान्याच्या जिन्यात गेले. हे काम माझे हात झोपेतही करतात. मोबाईलवर क्रम उलटा करायचा, एका ओळीचं काम. चार मिनिटं लागली. भिमाअण्णा वर आले, धनाजीमामा खाली गेला.

दोन्ही फोटो काढूनही टाकता आले असते. तेही एकाच ओळीचं काम. सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण वाटलं, मामा आत बोटं तुटून पडलाय आणि मी त्याला पानावरूनच पुसून टाकू? म्हणून नुसतं खाली घेतलं. मला वाटलं, खाली तरी असू दे. हा माझा शहाणपणा. मी शेफालीला कळवलं आणि पायरीवर बसले. एक घर जळता जळता वाचलं असं वाटून मला जरा बरंसुद्धा वाटलं होतं. लाज वाटते आता ते आठवून.

अर्ध्या तासानं माउली जिन्यात आला. माउली सव्वीस वर्षांचा, तांदळाची पोती टेम्पोनं पुण्याला नेणारा, बोलायला इतका हळू की गिऱ्हाईकांना दोनदा विचारावं लागायचं. माझ्या मांडीवर वाढलेला. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. गावाच्या ग्रुपवर थोरल्या पातीतल्या कुणीतरी पानाचा फोटो काढून टाकला होता. वर अण्णा, खाली मामा. त्याखाली लिहिलेलं, आता ज्याची त्याला जागा कळली.

"ताई, ह्ये तू केलंस?"

"व्हय रे. ते आजीच्या घराला काडी लावणार होते."

"आबांची बोटं त्येंनी तोडली," माउली म्हणाला. अजून हळूच बोलत होता. "आन् तू आबांनाच खाली घातलंस."

"माउली, ऐक. मी दोन दिवसांनी सारखं करते. शांत झालं की..."

त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला. मग तो जिना उतरून गेला. टेम्पो सुरू झाल्याचं ऐकलं तेव्हा मला वाटलं, औषधं आणायला गेला असेल. माउली गावाकडं गेला म्हणून मामी बाकावरनं ओरडली तेव्हा मी पळाले.

चेलाडीच्या फाट्यावरून मी वेल्ह्याच्या रस्त्याला लागले. रविवार म्हणून गडावर जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. एका वळणावर पडले, गुडघा सोलला, पुन्हा गाडी उचलली. तिथं थांबूनच मी कुमारला फोन लावला, पळ म्हणून सांगायला. त्याचा फोन बंद. पोलीस येणार म्हणून तो केव्हाच डोंगरात पळाला होता, हे मला नंतर कळलं. गावात शिरले तर माउलीला कुमार सापडला नव्हता, माणसं दारात उभी आणि सगळ्यांचे हात वरच्या रस्त्याकडं.

वर अण्णांचं खळं. गावापासून तास दीड तासाची चढण, पण टेम्पो जातो. अण्णा त्या दिवशी पहाटेच भात झोडायला वर गेले होते. बटणाचा साधा मोबाईल त्यांच्याकडं होता, तोही ते घरी खुंटीला अडकवून जायचे. वेबसाईट त्यांनी पाहिलीच नव्हती. फोटो वर आहे की खाली, कुणाची बोटं गेली, कुणाच्या घराला काडी लागणार होती, ह्यातलं काहीही त्या माणसाला माहीत नव्हतं.

मी पोचले तेव्हा टेम्पोचं दार उघडं होतं. अण्णा खळ्याच्या मधोमध, हातात रिकामं पोतं. माउली त्यांच्यापासून दहा पावलांवर. मी ऐकलं ते असं.

"बरं झालं आलास," अण्णा म्हणत होते. "जरा पोत्याचं तोंड धर रं. एकट्यानं जमंना."

लाकडाच्या ओंडक्यात अण्णांचीच कुऱ्हाड रुतवलेली होती. माउलीनं ती उपसली. मी ओरडले. त्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. पहिला घाव खांद्यावर बसला आणि अण्णा गुडघ्यावर आले. त्यांना राग आलेला नव्हता. भीतीसुद्धा नव्हती. ते नुसते गोंधळले होते.

"आरं," ते म्हणाले, "म्या काय केलं?"

मी माउलीच्या पाठीवर झेप घेतली. लहानपणी त्याला जसं आवळायची तसं दोन्ही हातांनी आवळलं. त्यानं कोपर मारला. माझे पुढचे दोन दात तुटून जिभेवर आले. मी खाली पडले, त्याचा पाय धरला, आणि त्या पायाला लटकलेली असतानाच मी वर बघितलं. दुसरा घाव मानेवर. तिसरा कुठं बसला ते मी बघितलं नाही, फक्त आवाज ऐकला. ओला आवाज. अण्णा भाताच्या राशीवर तोंडावर पडले. पाय थोडे हलत राहिले, मग थांबले.

माउलीनं कुऱ्हाड टाकली आणि खाली बसला. रक्त राशीत मुरत होतं, रास तांबूस होत होती.

"ताई, त्येंनी मला पोतं धराया सांगितलं," तो म्हणाला.

पोलीस येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो. मी अण्णांचं डोकं सरळ केलं. फेटा सुटला होता, तो मी त्यांच्या तोंडावरून घातला. मी त्यांच्या पाया पडले. भाचीनं मामाच्या पाया पडायची रीत नाही, पण मी पडले.

कुमार दोन दिवसांनी डोंगरातून खाली आला आणि स्वतःच हजर झाला. बापाला कुणी मारलं, का मारलं, हे कळलं तेव्हा तो भिंतीवर डोकं आपटून घेत होता, असं म्हणतात. तोही आत, माउलीही आत. मामा घरी आला. हाताला पांढरं गुंडाळलेलं, गिरणीच्या ओट्यावर बसून राहतो. माझ्याशी बोलतो, नेहमीसारखाच बोलतो. पोरी, जेवलीस का विचारतो. ते मला सहन होत नाही.

चौथ्या दिवशी जबाबासाठी गावातल्या शाळेच्या ओसरीवर बोलावलं. साहेब खुर्चीवर, समोर टेबल, शेजारी हवालदार लिहून घेणारे. माझं तोंड सुजलेलं, दातांच्या जागी टाके. शेफाली आधीपासून बसलेली. कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. नवरा जिवंत असूनही तिनं काढून ठेवल्या होत्या. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

साहेबांनी मोबाईलवर पान उघडलं. वरून खाली बोट फिरवलं, खालून वर फिरवलं. त्यांना काही केल्या समजेना.

"ह्या दोन फोटोंवरून?"

"हो," शेफाली म्हणाली.

"बाई, तुम्ही हे बनवलंत," साहेब माझ्याकडं वळले. "मोबाईलवर खाली-वर होणार हे तुम्हाला आधी माहीत होतं का? माहीत असून मुद्दाम ठेवलं का? कुमारच्या वकिलाचं तसं म्हणणं आहे."

माझ्या डोळ्यांपुढं एसटीची खिडकी आली. तिथं मला आलेलं हसू आठवलं. मी तोंड उघडलं. मला बोलायचं होतं, देवाशप्पथ बोलायचं होतं. पण मामा ओसरीच्या खांबाला टेकून बसलेला, गुंडाळलेल्या हातानं मान घासत, आणि तो माझ्याकडं बघत होता.

मी बोलायच्या आधी शेफालीच बोलली.

"साहेब, ताईंना त्यात ओढू नका," ती म्हणाली. "मी स्वतः बघितलंय त्यांना काम करताना. दोघांचे फेटे एका रेषेत यावेत म्हणून त्या तासभर झटत होत्या. बरोबरीनंच लावलं होतं त्यांनी. आमचेच उजवी बाजू मागत बसले. आणि मीच म्हटलं, वर घ्या. ताईंनी माझं ऐकलं. त्यांनी दोन्हीकडचं भलंच बघितलं."

ज्या पोरीचा सासरा खळ्यावर तुकडे होऊन पडला, ती मला वाचवत होती. तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता आणि मला तो झटकून टाकावासा वाटला.

"बाई?" साहेब म्हणाले.

"व्हय साहेब," मी म्हटलं. "बरोबरीनंच लावलं होतं."

हवालदारांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.